गळ्यात ठुशी, वर स्कार्फ: दोन्ही एकत्र जमतं काय हो?

रंकाळ्यावरची | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, जरा अडचण आहे. हसू नका.

आजीनं परवा कपाटातला डबा काढला आणि तीन जिन्नस माझ्या हातात ठेवले. लाल खड्याची ठुशी, पोवळ्याची दोनपदरी माळ आणि मोत्याच्या कुड्या. "माझ्या माघारी वाटण्या करत बसण्यापेक्षा आत्ताच घाल, मला बघू दे," म्हणाली. आता आजीला बघायचंय म्हटल्यावर मी रोज काही ना काही घालून ऑफिसला जायला लागलो.

पण मी जातो गाडीवरनं, शिरोली एमआयडीसीला. हायवेची धूळ तुम्हाला माहितीच आहे. डोक्याला, तोंडाला स्कार्फ, त्यावर हेल्मेट. आज सकाळी पार्किंगमध्ये स्कार्फ सोडला, तर डाव्या कानातली कुडीच ओढली गेली. फिरकी घट्ट होती म्हणून कुडी वाचली, पण तिच्यातला एक मोती गायब. वॉचमनकाका, मी आणि अकाउंट्समधल्या दोघी अशा चौघांनी वाकून वाकून पार्किंग पालथं घातलं. नाही सापडला. आजीला अजून सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट. येत्या रविवारी मावसबहिणीचा साखरपुडा आहे. मोतिया रंगाचा लांब कुडता शिवलाय, व्ही गळ्याचा. वर स्टोल घ्यायचाच आहे, नाहीतर फार पांढरं पांढरं दिसतंय. माझ्याकडं आहेत: गर्द निळा सुती, हळदी रंगाचा खणाचा, बाटलीहिरवा रेशमी (भावानं बेंगळुरूहून आणलेला) आणि एक चौकोनी सॅटिनचा, फुलाफुलांचा. यातलं कशावर काय घालू? आरशासमोर तिन्ही दागिने आणि स्टोल एकदम घालून बघितलं, तर गौरी बसवल्यासारखी दिसालो होतो.

तांबडा_पांढरा | मंगळवार, रात्री ९:५२

आधी मोती सापडला काय ते सांग. बाकीचं नंतर.

सदाशिव_ते_शाहूपुरी | मंगळवार, रात्री १०:०५

पुण्याहून बदली होऊन चार महिने झालेत म्हणून विचारतो, राग मानू नका. आयडी 'वरची' आणि वाक्यात 'लागलो', 'दिसालो'?

तांबडा_पांढरा | मंगळवार, रात्री १०:०७

भावा, कोल्हापुरात बायका 'आलो, गेलो, जेवलो'च म्हणतात. चार महिन्यांत एवढंही कळलं नसेल तर तू घराबाहेर पडतच नाहीस. विषय संपला.

चिंचपेटी | मंगळवार, रात्री १०:४८

रंकाळ्यावरची, गौरीची उपमा चपखल आहे. गौरीला गाडी चालवायची नसते, मान वळवायची नसते, म्हणून तिला सगळं शोभतं.

माझं म्हणणं एवढंच की गळा ही इवलीशी जागा आहे. हनुवटीपासून कॉलरच्या हाडापर्यंत मोजलंस तर चार बोटं. त्या चार बोटांत ठुशी बसते. स्टोल गळ्याभोवती घेतला की तोही तिथंच येऊन बसतो. म्हणजे एका पाटावर दोघं. एकाला उठवायला लागतंय.

ठुशी घालायची असेल तर स्टोल गळ्यापासून लांब ने. डाव्या खांद्यावर घड्या करून एक पिन, दोन्ही टोकं सरळ खाली. व्ही गळा आहे तर फारच बरं, ठुशीच्या खाली मोकळी जागा राहते आणि तिचे मणी दिसतात. पोवळ्याची माळ लांब असेल (छातीपर्यंत येते काय?) तर उलटं करता येतं: चौकोनी सॅटिनचा बारीक पट्टा करून गळ्यालगत बांध आणि माळ खाली मोकळी सोड. नव्वद सेंटीमीटरचा चौकोन तिरका दुमडत गेलीस की सव्वा मीटरचा पट्टा होतो, गळ्याभोवती एक वेढा आणि बाजूला छोटी गाठ, एवढं आरामात बसतं.

आता रंग. लाल म्हटलं की सगळे लाल एकच समजतात, तिथंच गडबड होते. पोवळ्याचा लाल केशरीकडं झुकतो, माणकाचा लाल गुलाबी-जांभळ्याकडं. पोवळ्याशेजारी राणी रंग ठेवला तर दोघंही मळके दिसतात. पोवळ्याला निळा दे, राखाडी दे, बाटलीहिरवा दे. लाल खड्याच्या ठुशीला जांभळा, वांगी, राणी चालतो, हिरवा तर आपला नेहमीचाच, नऊवारीपासूनचा.

खणाचा स्टोल साखरपुड्याला नको. खण अंगासरशी पडत नाही, ताठ उभा राहतो, त्यावर सोनं घातलं की सगळं एकदम बोलायला लागतं. तो ऑफिसला घाल, साध्या काळ्या कुर्त्यावर, हुपरीच्या काळपट चांदीचं काहीतरी घालून. बघ कसा उठून दिसतो.

नऊवारी_आक्का | बुधवार, सकाळी ६:२०

चिंचपेटीशी सहमत, पण एक भर. कुणी कोल्हापुरी साज घालून त्यावर स्टोल पांघरत असेल तर तिला माझा दंडवत. साजाची एकवीस पानं: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, एक माणिक, एक पाचू आणि एक डोरलं, अशी मोजणी आमच्याकडं सांगतात. परवा एका लग्नात एका मुलीनं साजावर जाळीदार ओढणी घेतली होती. मत्स्यापासून बुद्धापर्यंत सगळे झाकलेले, नुसता कल्की दिसत होता.

गुजरीतला | बुधवार, सकाळी ११:१५

आमच्या घरात तीन पिढ्या दागिन्यांच्या बांधणीचं काम, त्यामुळं दुकानदार म्हणून नाही, कारागिराचा पोरगा म्हणून लिहितो.

ताई, पार्किंग सोडा, स्कार्फ बघा. सुती स्कार्फची कड दुमडून शिवलेली असते, आणि वापरून वापरून तिची शिवण कुठंतरी उसवलेली असते. कुडीतला मोती तारेवर असतो. स्कार्फचा धागा तार आणि मोत्याच्या मध्ये शिरतो, ओढ बसली की तार वाकते आणि मोती निघून कापडातच राहतो. आमच्याकडं मोती हरवला म्हणून येणाऱ्या निम्म्या बायकांना वडील एकच विचारायचे, "ओढणी झटकली का?" झटकू नका मात्र, कड बोटांनी चाचपत जा.

दुसरं, धुळीचं. रस्त्याच्या धुळीत बारीक वाळू असते, म्हणजे गारगोटीच. कठीणपणा मोजायची मोहसची जी १ ते १० पट्टी आहे, तिच्यावर गारगोटी ७. माणिक आणि नीलम ९, त्यांना धुळीचं काही वाटत नाही. पण मोती अडीच ते साडेचार, पोवळं तीन ते चार. फिरोजा पाच-सहाच्या आसपास. म्हणजे धुळीनं भरलेला स्कार्फ मोत्यावरून रोज घासणं हे पॉलिशपेपर फिरवण्यासारखंच झालं. एका दिवसात कळत नाही, दोन वर्षांनी मोती मेल्यासारखा दिसतो आणि मग "मोती खोटे दिले" म्हणून लोक आमच्याशी भांडतात.

तेव्हा गाडीवर कुड्या घालू नका. डबीतनं न्या, पोचल्यावर घाला. डबीत मोती-पोवळं वेगळं ठेवा, त्यात अंगठ्या टाकू नका.

रंकाळ्यावरची | बुधवार, सकाळी ११:४१

गुजरीतला, तुमच्या तोंडात साखर पडो!!! सापडला!!! कडेच्या दुमडीत, कोपऱ्यात. मघाशी वॉशरूममध्ये उभी राहून स्कार्फ चाचपत होतो, बोटाला टणक लागलं. शिवण उसवून काढला. ज्वारीच्या दाण्याएवढा आहे हो, आणि काल एवढ्याशासाठी माझ्या पोटात गोळा आला होता.

वॉचमनकाकांना जाऊन सांगितलं. म्हणाले, आता पेढे.

तांबडा_पांढरा | बुधवार, सकाळी ११:४४

नाद खुळा!

चिंचपेटी | बुधवार, दुपारी १:३०

वा! आता ती कुडी पुन्हा बांधून घेतेस तर सगळ्याच तारा तपासून घे. एक सैल झाली म्हणजे बाकीच्याही वयात आल्यात.

गुजरीतला, एक विचारायचं होतं. दुकानात बघून घेतलेला खडा घरी आल्यावर वेगळाच दिसतो, ही माझी तक्रार वीस वर्षांची आहे. मागं मी नीलमची अंगठी आकाशी स्टोलवर जुळवून घेतली (कुठून ते जाऊ दे), लग्नात घातली तर खडा शाई सांडल्यासारखा काळा. माझे डोळे की दुकानाचे दिवे?

गुजरीतला | बुधवार, दुपारी २:१०

दिवेच. पिवळ्या उजेडात लाल खडा पेटतो आणि निळा विझतो. पांढऱ्या उजेडात, दिवसाच्या उजेडात, निळा फुलतो. तुम्ही पांढऱ्या दिव्याखाली घेतला असणार आणि कार्यालयात पिवळे हॅलोजन. म्हणून खडा आणि कापड दोन्ही हातात घेऊन पायरीवर यायचं, बाहेर उजेडात धरायचं. कुठलाही शहाणा दुकानदार नाही म्हणणार नाही. म्हणाला तर पुढच्या दुकानात जा, गुजरीत दुकानांना काय तोटा.

गंमत म्हणजे माणिक आणि नीलम हे एकाच खनिजाचे, कुरुंदाचे. जरा क्रोमियम मिसळलं की लाल, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की निळा. सख्खी भावंडं, पण एकाला हॅलोजन मानवतो, दुसऱ्याला नाही.

रविवारी कार्यालयात दिवे कसले आहेत ते आधी बघा ताई. पिवळे असतील तर लाल खड्याची ठुशी फुकटात दुप्पट चमकणार.

सदाशिव_ते_शाहूपुरी | बुधवार, दुपारी ३:००

नीलम असा कुणीही उठून घालावा का पण? पत्रिका दाखवल्याशिवाय?

मंगळवार_पेठ_१ | बुधवार, दुपारी ३:२५

झालं. आता शनी येणार, मग मंगळ येणार, मग धागा दोनशेवर जाणार आणि ठुशी बाजूला राहणार. ग्रहांसाठी वेगळा धागा काढा की राव.

पैलवान_नसलेला | बुधवार, सायंकाळी ६:५०

पुरुषांनी लिहिलं तर चालतं ना? माझा प्रश्न याच जातीचा आहे. फेटा. पाडव्याच्या मिरवणुकीत बहिणीनं फेटा बांधला होता आणि त्यावर आईचा जुना खड्यांचा ब्रोच शिरपेचासारखा लावला. अर्ध्या तासात ब्रोच पुढं झुकला, फेटा डोळ्यांवर आला, लेझीम बाजूला आणि हिचा हात सारखा कपाळावर. असं का होतं? स्कार्फवर ब्रोच लावणाऱ्यांनाही हेच होत असणार.

चिंचपेटी | बुधवार, सायंकाळी ७:२०

होतं की. पातळ कापडाला जड पिन पेलत नाही. आतल्या बाजूनं जाड कापडाचा रुपयाएवढा तुकडा ठेवायचा आणि पिन दोन्हीतनं काढायची. जुन्या ब्लेझरच्या कॉलरमधलं कापड एकदम बेस्ट. फेट्याला तर किमान तीन थरांतनं पिन जायला पाहिजे, वरच्या एकाच थरात लावली तर ती झुलणारच.

रेशमी स्टोलला पिनच नको असेल तर अंगठीतनं काढा. दोन्ही टोकं एका अंगठीतनं ओवायची आणि अंगठी वर सरकवायची, गाठ न मारता स्टोल बसतो. मी तर चांदीचं जोडवं वापरते. जोडव्याचं तोंड उघडं असतं, त्यामुळं कापडाच्या जाडीप्रमाणं सैल-घट्ट करता येतं.

नऊवारी_आक्का | बुधवार, रात्री ८:०५

जोडवं? गळ्यात??

चिंचपेटी | बुधवार, रात्री ८:०९

नवीन, न घातलेलं हो आक्का.

नऊवारी_आक्का | बुधवार, रात्री ८:३०

नवीन असलं म्हणून काय झालं. पायातलं ते पायातलं. तुझ्या सासूबाईंनी ओळखलं तर काय सांगशील?

चिंचपेटी | बुधवार, रात्री ८:३३

ओळखलं. त्यांनी दुसरं मागून घेतलं, स्वेटरवरच्या शालीला.

नऊवारी_आक्का | गुरुवार, सकाळी ६:१५

बरं. तुमच्या घरात तुमचं राज्य.

मी लिहायला आले होते ते वेगळंच. मोती-पोवळ्यावर अत्तर, स्प्रे, केसांचं तेल पडू देऊ नका. आधी पावडर-अत्तर, मग स्टोल, मग सगळ्यात शेवटी मोती. उतरवताना सगळ्यात आधी मोती. हा क्रम माझ्या आईनं मला शिकवला आणि तिचा तन्मणी अजून दुधासारखा आहे. घरी आल्यावर मऊ ओलसर कापडानं पुसायचा, पाण्यात बुडवायचा नाही, दोरा कुजतो. सोन्याला रिठ्याचं पाणी करतात तसं मोत्याला करू नये. आणि पोवळ्याला लिंबू-चिंच तर लावूच नका. एका शेजारणीनं चकचकीत करायला म्हणून पोवळ्याची माळ लिंबाच्या पाण्यात टाकली. पोवळं म्हणजे एका अर्थी चुनाच, आंबटानं खाल्लं. सगळी माळ खडूसारखी झाली.

आणि जोतिबाला चैत्रात जाणार असाल तर पांढरा स्कार्फ आणि पोवळं दोन्ही घरी ठेवा. गुलाल दोऱ्यात शिरला की माळ पुन्हा ओवून घेतल्याशिवाय निघत नाही. मी दोनदा गाठवून घेतली आहे, तिसऱ्यांदा पटवेकरीच म्हणाले, "आक्का, आता यात्रेला काचेचे मणी घाला."

रंकाळ्यावरची | गुरुवार, दुपारी १:१०

आक्का, लिंबाचं वाचून घाम फुटला. मी आज तेच करणार होतो.

गुजरीतला, अजून एक. ठुशीतला लाल खडा खरा माणिक आहे काय? आजी म्हणते तिच्या सासूची ठुशी, म्हणजे शंभरीला आली असेल. मागची बाजू बंद आहे, सोन्याच्या पत्र्याची. एवढी जुनी म्हणजे खरा असणार ना?

गुजरीतला | गुरुवार, दुपारी २:४५

जुनी म्हणजे खरा, हे गणित चालत नाही. व्हर्नुई नावाच्या फ्रेंच रसायनज्ञानं ज्वालेत भुकटी वितळवून माणिक बनवायची रीत १९०२ साली जाहीर केली. तेव्हापासून बनवलेलं माणिक बाजारात आहे. रसायन तेच, कठीणपणा तोच ९. भिंगाखाली त्याच्यात वाकड्या, कमानीसारख्या रेषा दिसतात, कधी बारीक बुडबुडे. जमिनीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ किंवा कोनात असतात. नुसत्या डोळ्यांनी मला नाही सांगता येत, आणि फोटोवरनं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मागचं घर बंद आहे म्हणजे खड्याखाली डांक, म्हणजे चमक वाढवायला पातळ पत्रा, असण्याची शक्यता आहे. ठुशी पाण्यात अजिबात बुडवू नका. आत पाणी गेलं की डांक काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. घामाचंही तेच. म्हणून सॅटिनचा स्कार्फ ठुशीवरनं घट्ट बांधून मे महिन्यात फिरणं नको, आत सगळं घामानं ओलं राहतं.

खरा की बनवलेला ते भिंगवाल्याकडं तपासून घ्या. पण आजीला विचारून घ्या. काही घरांत हा प्रश्न न विचारलेलाच बरा असतो.

तांबडा_पांढरा | गुरुवार, दुपारी २:५८

शेवटची ओळ अनुभवातनं आलेली दिसते.

गुजरीतला | गुरुवार, दुपारी ३:०१

तीन पिढ्यांच्या.

सुतावरून | शुक्रवार, रात्री १०:३०

उशिरा आलो. इचलकरंजीचा आहे, घरात माग, म्हणून कापडाबद्दल दोन शब्द टाकतो. सगळं दागिन्यांवरच चाललंय.

आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, त्यामुळं सूत आमच्या रक्तात आहे असं समजा. स्कार्फ घेताना लोक रंग बघतात, वीण बघत नाहीत. दागिन्याबरोबर वापरायचा स्कार्फ असेल तर विणीत मोकळे धागे नकोत. जॉर्जेट, शिफॉन, जाळी यांत फिरकीचं टोक, नथीची तार, ठुशीची कडी सगळं अडकतं. घट्ट विणीचं पॉपलीन, कँब्रिक किंवा जाडसर रेशीम घ्या. परीक्षा सोपी आहे: कापडावर बोटाचं नख आडवं ओढा. धागे सरकून फट पडली तर ते कापड कुडीचं शत्रू.

ताईंचा बाटलीहिरवा कसला आहे? नख ओढून बघा. आणि गाडीवरचा सुती स्कार्फ आठवड्यातनं दोनदा धुवा की हो, दागिन्यासाठी नाही तर निदान तोंडासाठी.

मंगळवार_पेठ_१ | शनिवार, सकाळी ९:००

उद्या साखरपुडा ना? ठरलं काय?

रंकाळ्यावरची | शनिवार, सकाळी ९:२०

बाटलीहिरवा नख-परीक्षेत पास. कार्यालयात काल जाऊन आलो, दिवे पिवळे. ठुशी पक्की. पोवळ्याची माळ पुढच्या वेळी, निळ्या सुती स्टोलवर, ऑफिसला. आई म्हणते, "सगळंच घाल की, घरचंच कार्य आहे." आईला हा धागा वाचायला दिलाय.

नऊवारी_आक्का | शनिवार, सकाळी ९:४०

आईचं बरोबर आहे. पण तूही बरोबर आहेस.

रंकाळ्यावरची | सोमवार, रात्री ९:१५

सविस्तर लिहितो, तुम्ही सगळ्यांनी एवढं डोकं लावलंत म्हणून.

गाडीवरनं गेलोच नाही, मामाच्या गाडीत बसलो. तरी कुड्या आणि ठुशी डबीतच नेल्या. तिथं पोचल्यावर आधी पावडर, मग स्टोल डाव्या खांद्यावर (आत आईच्या जुन्या ब्लेझरच्या कॉलरचा तुकडा, पिन हलली नाही), मग ठुशी, शेवटी कुड्या. कुडीच्या तारा बुधवारीच गुजरीत दाखवल्या होत्या, अजून दोन सैल निघाल्या. चिंचपेटी, तुझं खरं ठरलं.

पिवळ्या दिव्यांखाली ठुशीतला खडा असा काही पेटला की नवऱ्या मुलाच्या आत्यानं बाजूला घेऊन विचारलं, "खरा माणिक काय गं?" मी म्हटलं, "आजीचा आहे." त्या म्हणाल्या, "मग खराच." मी गप्प बसलो. भिंगवाल्याकडं जायचं तूर्त रद्द केलंय.

एकच चूक झाली. जेवताना तांबड्या रश्श्याची वाटी उचलली आणि स्टोलचं एक टोक थेट वाटीत. हे तुमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं.

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री ९:१८

पांढरा घ्यायचा होतास.

सुतावरून | सोमवार, रात्री ९:३०

रेशमावर तेलाचा डाग? टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी हलकं झटका, मग गार पाण्यात शाम्पूनं. घासू नका, पिळू नका.

रंकाळ्यावरची | मंगळवार, सकाळी ८:०५

पावडर टाकून ठेवला होता, डाग बराच गेलाय. पण स्टोलच गेला.

सकाळी आजी रंकाळ्यावर फिरायला निघाली होती. वाळत घातलेला स्टोल दिसला, हातानं चाचपला, आणि कानावरनं घेऊन हनुवटीखाली गाठ मारून चालू पडली. मी म्हटलं, "आजी, तो माझा आहे." तर म्हणते, "ठुशी दिली की तुला."